बेवारस गेम, की वारस शोधलाच नाही?

पत्र:

"दादा, तीन महिन्यांपूर्वी अबॅन्डनवेअरच्या, म्हणजे मालकांनी सोडून दिलेल्या म्हणतात त्या जुन्या गेम्सच्या, एका साइटवरून 'इम्पीरिअ‍ॅलिझम' नावाचा १९९७ चा स्ट्रॅटेजी गेम डाउनलोड केला. साइटवर लिहिलं होतं, बनवणारी कंपनी कधीच बंद झाली, हा गेम आता कुणाचाच नाही, बिनधास्त खेळा. तेव्हापासून रोज रात्री तोच चालू आहे. आमच्या ग्रुपमध्ये कुणी त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नाही, मी स्क्रीनशॉट टाकला तर म्हणाले ऑफिसचं काम घरी आणलंस का. मग म्हटलं सगळ्यांनाच झिप फाइल पाठवून देतो, खेळतील तर कळेल, तेवढ्यात एक मैत्रीण म्हणाली, चोरीचा माल वाटतोयस. मी म्हटलं मालकच नाही तर चोरी कसली? तर म्हणे, मालक शोधलास का? झालं, तेव्हापासून मजा अर्धी झालीये. मी खरंच चोर आहे का? आणि जाता जाता, माझे कामगार सारखे आजारी का पडतात? — बिनराज्याचा सम्राट"

सम्राटा,

तुझ्या प्रश्नापेक्षा तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न चांगला आहे, त्यामुळे आधी तिचंच बघू. मालक शोधलास का? नाही शोधलास. साइटने सांगितलं, तू मानलंस, आणि खरं सांगायचं तर ते मानण्यात तुझी सोय होती. गेमचं नाव आणि 'विकत' एवढं टाइप करून बघ. गॉग या जुने गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात विकायला आहे तो, रीतसर, आणि १९९९ चा दुसरा भागही तिथेच आहे. म्हणजे तीन महिने तू ज्याला बेवारस समजून सांभाळत होतास तो चांगला खातापिता, घरदार असलेला गेम निघाला.

आता लगेच तोंड लपवू नकोस, कारण साइटवरचं ते वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं वाक्यच माणसाला फसवतं. हा गेम बनवला फ्रॉग सिटी सॉफ्टवेअरने, ती बंद झाली. बाजारात आणला एसएसआयने, म्हणजे स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स, १९७९ पासून युद्धाचे गेम काढणारी जुनी जाणती मंडळी, ते नावही आता दिसत नाही. पण कंपनी मेली म्हणजे तिची मालमत्ता तिच्याबरोबर चितेवर जात नाही ना. एसएसआय १९९४ मध्ये माइंडस्केपकडे गेली, माइंडस्केप १९९८ मध्ये लर्निंग कंपनीने घेतली, लर्निंग कंपनी १९९९ मध्ये मॅटेलने घेतली, हो तीच, बार्बीवाली मॅटेल, आणि तो सौदा मॅटेलच्या इतका अंगाशी आला की दीडेक वर्षात त्यांनी ते लोढणं गळ्यातून काढलं, आणि २००१ मध्ये त्यातला गेम्सचा भाग युबिसॉफ्टने उचलला. घर रिकामं दिसतं, अंगणात गवत माजलंय, पण सातबारा काढलास तर नाव चढलेलं आहे, आणि ते नाव जगातल्या मोठ्या गेम कंपन्यांपैकी एकाचं आहे.

आणि 'अबॅन्डनवेअर' हा शब्द कायद्यात कुठेच नाही बरं का. तो खेळणाऱ्यांनी पाडलेला शब्द आहे, प्रेमाने पाडलेला आहे, पण म्हणून त्याला कायद्याचं वजन येत नाही. कॉपीराइट वापरला नाही म्हणून संपत नाही, कुणी तक्रार केली नाही म्हणूनही संपत नाही. लोक इथे ट्रेडमार्कशी गोंधळ करतात, ट्रेडमार्क नुसता पडून राहिला तर जाऊ शकतो, कॉपीराइटचं तसं नाही. कंपनीने केलेल्या कामाला अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे, म्हणजे तुझा १९९७ चा गेम २०९२ संपेपर्यंत कुणाचा ना कुणाचा असणार आहे. तोपर्यंत तो चालवायला लागणारी मशीन, तू, मी, हे सदर, काहीच उरणार नाही. मला हे मूर्खपणाचं वाटतं, स्पष्ट सांगतो, पण मला मूर्खपणाचं वाटतं म्हणून ते नाही असं होत नाही.

चोर म्हणायचं का तुला? मी नाही म्हणणार, कारण मग मला स्वतःलाही म्हणावं लागेल. माझ्याकडे आज हा गेम विकत घेतलेला आहे, पण मी पण तुझ्याच वाटेने आलोय. कॉलेजात असताना एका मित्राने कोऱ्या सीडीवर उतरवून दिला होता, वर मार्करने नाव लिहिलेलं, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. मॅन्युअल नाही, काही नाही. मी तो कित्येक वर्षं खेळलो आणि दरवेळी फक्त लढाया करून जिंकायचो किंवा लढाया करून हरायचो, आणि मला वाटायचं गेम असाच आहे, जरा एकसुरी आहे. मग खूप वर्षांनी गॉगवर दिसला, अपराधीपणापेक्षा जुन्या आठवणींमुळेच घेतला, सोबत मॅन्युअल आलं, एका रविवारी सहज वाचायला घेतलं आणि डोक्याला हात लावला. छोट्या देशांकडून नियमित माल घेत राहिलं, व्यापारात सवलत दिली, तिथे वकिलात उघडली की ते देश एक गोळी न झाडता आपणहून तुझ्याकडे येतात. अर्धा गेम मला माहीतच नव्हता! फुकटात मला गेमची फाइल मिळाली होती, गेम नव्हता मिळाला.

(कंसातली गोष्ट: ते छोटे देश साम्राज्यात 'सामील होतात' हे गेम किती गोड शब्दांत सांगतो ते बघ कधीतरी. चोरीवर चर्चाच करायची असेल तर तिथे जास्त सापडेल.)

तर तुझ्या बाबतीत उत्तर सोपं आहे, विकत घे, जुनी झिप उडव, विषय संपला. त्या जुन्या साइट्सवरच्या फायलींमध्ये कोण काय घुसवून ठेवतं ते पण आपल्याला दिसत नसतं, मी एकदा अशाच एका इन्स्टॉलरमुळे अख्खं मशीन फॉरमॅट केलंय, त्यावर जास्त बोलत नाही कारण अजून राग येतो.

मला माहितेय तू आता काय म्हणणार. की पैसे दिले तरी मूळ ज्यांनी रात्री जागून हा गेम बनवला त्यांच्या हातात काय पडणार, सगळं मोठ्या कंपनीच्या गल्ल्यात. बरोबर आहे, बहुतेक वेळा तसंच असतं, गेम बनवणारे पगारी असतात आणि हक्क कंपनीचे. पण दुसरी बाजू बघ. पंचवीस-तीस वर्षं जुना गेम नव्या विंडोजवर चालता ठेवणं हे कुणीतरी करावं लागतं, दर काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं, आणि ते करायचं की नाही हे ठरवणारा माणूस एकच आकडा बघतो, किती खपला. गॉगवाले २००८ पासून हाच धंदा करतायत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी जुने गेम चालते ठेवायचा वेगळा प्रिझर्व्हेशन प्रोग्रॅमही सुरू केला. तू साइटवरून झिप उतरवलीस तेव्हा तू त्या आकड्यात नव्हतास. तुझ्यासारखे हजार चाहते असतील आणि हजारही त्या आकड्यात नसतील तर त्या माणसाच्या लेखी हा गेम कुणालाच नकोय. मग तो दुकानातून जातो. मग तो खरंच बेवारस होतो, आणि आपणच बोंब मारतो की बघा, कंपन्यांना जुन्या गेमची किंमत नाही.

आता ज्या गेमचा वारस शोधूनही सापडत नाही त्याचं काय? तू हे विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे आणि हा छंद तुला लागलाच आहे तर पुढचा गेम तसाच निघणार, लिहून ठेव.

तुला वाटत असेल कंपनी बंद पडली की हक्क हवेत विरत असतील. सिस्टम शॉक २ चं उदाहरण घे, स्ट्रॅटेजी नाही पण गोष्ट भारी आहे. बनवणारी लुकिंग ग्लास २००० मध्ये बंद पडली, गेम बाजारातून गायब, लोक वर्षानुवर्षं हळहळत होते. मग एका माणसाला तो पुन्हा खेळावासा वाटला, मिळेना, म्हणून तो हक्कांच्या मागे लागला तर ते सापडले कुठे, एका विमा कंपनीकडे! विमा कंपनीच्या कपाटात पडलेला व्हिडिओ गेम. त्याने बोलणी केली, २०१३ मध्ये गेम पुन्हा विकायला आला, आणि त्यातूनच नाइटडाइव्ह ही जुने गेम परत आणणारी कंपनी उभी राहिली. त्याच नाइटडाइव्हने मग नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर या २००० च्या गेमसाठी जीव टाकला, तिथे तीन मोठ्या कंपन्यांचा संबंध येत होता, नक्की कुणाकडे काय आहे ते कुणी धड सांगेना, आणि शेवटी नाद सोडावा लागला. म्हणजे एका गेमचा वारस विमा कंपनीत सापडला आणि दुसऱ्याला तीन-तीन संभाव्य वारस असून एकही पुढे येईना. बेवारस असणं आणि वारसांना पडलेली नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त वाईट.

आणि हे दोन-चार गेमचं रडगाणं नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कसोबत एक अभ्यास काढला, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत. मग निदान ग्रंथालयांनी तरी असे गेम अभ्यासकांना लांबून, आपापल्या जागी बसून वापरू द्यावेत अशी सूट मागितली गेली, तर अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने ऑक्टोबर २०२४ मध्ये तीही नाकारली. गेम उद्योगाच्या संघटनेचा विरोध होताच. म्हणजे विकणारही नाही, वाचनालयालाही पूर्ण देणार नाही. अशा वेळी कुणी अनोळखी माणूस आपल्या पदरच्या पैशाने सर्व्हर चालवून तीस वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीच्या प्रती जपून ठेवत असेल तर मला त्याला दरोडेखोर म्हणवत नाही. यातल्या बऱ्या साइट्स एक गोष्ट पाळतात, गेम पुन्हा विकायला आला की डाउनलोडचं बटण काढून तिथे दुकानाची लिंक लावतात. तुझ्या साइटने ते केलं नाही, यावरून तिची पारख कर.

खरंच सोडून दिलेलं, मोकळं केलेलं पण असतं हं, आणि ते लोक विसरतात. कमांड अँड कॉन्करचा पहिला गेम ईए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, या त्याच्या मालक कंपनीने २००७ मध्ये स्वतःहून फुकट केला. वॉरझोन २१०० चा सोर्स कोड २००४ मध्ये जीपीएल, म्हणजे कुणीही वापरा, बदला, वाटा म्हणणाऱ्या, लायसन्सखाली आला आणि लोक अजून त्यावर काम करतात. आणि माझा लाडका सेव्हन किंगडम्स, १९९७ चाच, तुझ्या गेमचा समवयस्क आणि तितकाच दुर्लक्षित, त्यात तू शत्रूच्या गावात हेर पेरतोस, तो हेर तिकडे निमूट राबतो, सैन्यात वर चढतो आणि एक दिवस तू त्याला इशारा करतोस. त्याची एन्शंट अ‍ॅडव्हर्सरीज ही आवृत्ती २००९ मध्ये जीपीएलखाली मोकळी झाली. फक्त संगीत त्यात नाही, कारण संगीताचे हक्क वेगळे. हे लक्षात ठेव, एक गेम म्हणजे एक मालक असंही नसतं, कोड एकाचा, गाणं दुसऱ्याचं, नाव तिसऱ्याचं. म्हणून 'कुणाचाच नाही' हे वाक्य कुणी इतक्या सहज म्हटलं की मला शंका येते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, नियम म्हणून नाही, माझी सवय म्हणून. आधी विकत मिळतो का बघतो, मग मालकाने मोकळा केलाय का बघतो, मग हक्क कुणाकडे असू शकतील याचा जरा माग काढतो, कंपनी कुणी घेतली, त्यांना कुणी घेतलं, अर्धा तास जातो पण हा अर्धा तास मला आवडायला लागलाय, तोही एक स्ट्रॅटेजी गेमच आहे. गॉगवर 'हा गेम आणा' म्हणून मत देता येतं, ते देतो. आणि एवढं करून हाती काही लागलं नाही तर मी खेळतो. कायद्याच्या दृष्टीने ते चूकच राहतं, मी स्वतःला फसवत नाही, पण ज्याला पैसे द्यायचेत असा माणूसच समोर नसेल तर मी कुणाच्या खिशातून काय काढलं हे मला दिसत नाही. मात्र पुढे वाटत नाही, त्यावर कुठे चार पैसे कमवत नाही, आणि ज्या दिवशी तो विकायला येतो त्या दिवशी घेतो, मग माझा सातव्यांदा खेळून झालेला का असेना. दोनदा अशी वेळ आलीये. दोन्ही वेळा घेतला. दुसऱ्या वेळी जरा कुरकुर केली.

ग्रुपवर झिप टाकायचं मात्र डोक्यातून काढ. तू एकटा अंधारात चुकलास तर ती एक चूक, पण ती फाइल वीस जणांना दिलीस तर तू त्या वीस जणांना सांगतोयस की हा विकत मिळतच नाही, आणि ते आता तुला माहीत असलेलं खोटं आहे. त्यातून गॉगच्या गेमला कुलूप नसतं, एकदा घेतला की फाइल तुझ्याकडे, कॉपी करायला कुणी अडवत नाही. विश्वासावर चालतं ते. कुलूप नाही म्हणून वाटत सुटायचं, असं चालू झालं तर उद्या कुलूप येईल आणि शिव्या आपण कंपनीला घालू.

आणि तसंही झिप पाठवून कुणी खेळणार नाही रे. ज्यांनी स्क्रीनशॉट बघून ऑफिसचं काम म्हटलं ते इन्स्टॉल करून पहिला पडदा बघतील आणि बंद करतील. हा गेम फाइल देऊन कळत नाही, गोष्ट सांगून कळतो. तू त्यांना तुझा अडकलेला डाव सांग. म्हणजे बघ, १८१५ साल, तुझ्याकडे जेमतेम मालगाड्या. डोंगरात लोखंड सापडलंय पण तिथे रूळ नाहीत. इंजिनिअर रूळ टाकतो, डेपो बांधतो, मोसमामागून मोसम जातात, शेवटी माल राजधानीपर्यंत यायची सोय होते आणि मग कळतं की गाड्याच पुरत नाहीत. गाड्या वाढवायच्या तर फळ्या आणि पोलाद हवं, फळ्या-पोलाद करायचं तर लाकूड, कोळसा, लोखंड हवं, आणि ते आणायचं कशातून, तर त्याच न पुरणाऱ्या गाड्यांतून, म्हणजे दुसरं काहीतरी खाली उतरवून. मग तू लोकर उतरवतोस, तर कापड थांबतं, कपडे थांबतात, कपड्यांशिवाय नवे कामगार येत नाहीत. लाकडाच्या फळ्या केल्या तर कागद होत नाही आणि कागद नाही तर कामगार शिकत नाहीत. माझं एक साम्राज्य १८४० च्या सुमाराला कागद संपला म्हणून बसलं होतं, सीमेवर शत्रू, बंदरात जहाजं, खजिन्यात पैसा, आणि मी बाजारात कागद शोधत फिरतोय! हे सांगितलंस ना त्यांना, एक पाळी, म्हणजे एक टर्न, खेळायची कशी ते दाखवत, तर चौघांपैकी एक जण तरी विचारेल, कुठे मिळेल. तेव्हा लिंक दे.

ती मैत्रीण आधी विचारेल असा माझा अंदाज आहे. जिला 'मालक शोधलास का' हा प्रश्न सुचतो तिला हा गेम जमणार, आणि ती तुला हरवणार, ती तयारी ठेव.

आणि कामगार. तू त्यांना नुसत्या धान्यावर ठेवतोयस, पत्र वाचूनच कळलं, सगळे नवखे हेच करतात कारण धान्य भरपूर येतं आणि आकडा पुरेसा दिसतो. आकड्यावर जाऊ नको. काहींना धान्य लागतं, काहींना फळं, काहींना मांस नाहीतर मासे, आणि हवं ते मिळालं नाही की ते आजारी पडतात आणि आजारी माणूस त्या पाळीला कारखान्यात येत नाही. वाहतुकीच्या पडद्यावर जा, धान्याच्या एक-दोन गाड्या कमी कर, फळबागेला आणि जनावरांना दे, बंदर असेल तर मासेही मागव. आणि डबाबंद अन्नाचा थोडा साठा ठेव, सगळा नवी भरती करण्यात उडवू नकोस. दोन-तीन पाळ्यांत फरक दिसेल. नाही दिसला तर पुन्हा लिही, तेव्हा गाड्यांचे आकडे पण दे.

— दादा